चष्मेवाल्यांना नंबर नाही

‘नंबर’ या एका इंग्रजी शब्दावर चष्मेवाल्यांचं अख्खं घर चाललं होतं. गिऱ्हाईक आलं की नंबर तपासायचा, गर्दी झाली की नंबर लावायचा, आणि समोरच्या दुकानदाराचा विषय निघाला की त्याचा माल दोन नंबरचा असल्याचं हळूच सांगायचं. स्वतःबद्दल मात्र ते छाती फुगवून म्हणत, साठी उलटली, पण आपल्याला नंबर नाही.

दर वर्षी ते बारीक अक्षरांचं कार्ड हातात धरत आणि शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचून दाखवत. तीस वर्षं तेच कार्ड लोकांकडून वाचून घेतल्यावर ते कोणालाही तोंडपाठ होईल, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या डोक्यात कधी शिरली नाही.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक बाई तिसऱ्यांदा तक्रार घेऊन आल्या. नव्या चष्म्यानं डोकं ठणकतं. पहिल्यांदा चष्मेवाल्यांनी ‘सवय होईल’ म्हणून बोळवण केली होती, दुसऱ्यांदा बाईंच्या मान वाकवून बसण्याला दोष दिला होता. या खेपेला बाईंनी वाद घातलाच नाही. काउंटरवर सुई-दोरा ठेवला.

“तुम्हीच ओवून दाखवा.”

चष्मेवाल्यांनी दोरा ओला केला, दारातल्या उजेडात गेले, श्वास रोखला. पण सुईपुढे पाठांतर चालत नाही. पाचव्यांदाही दोरा बाजूनं गेला, तेव्हा बाकावरची गिऱ्हाइकं खाली बघू लागली.

त्यांनी एक तयार चष्मा नाकावर चढवला आणि बाईंच्या नंबरची चिठ्ठी पुन्हा वाचली. लिहिलं होतं सव्वादोन. त्यांनी काच बसवली होती पावणेतीनची. “चूक माझी,” ते म्हणाले. मग त्यांच्या मनात आलं, अशा किती जणांच्या नाकावर आपला गाढवपणा बसला असेल?

संध्याकाळी दारावर पाटी लागली: वर्षभरात इथून नेलेला चष्मा तपासून घ्या, चूक निघाल्यास काच मोफत. मेहुणे धावत आले. आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेता, दुकान बसेल, म्हणाले. चष्मेवाले म्हणाले, धोंडा होताच, फक्त आता दिसायला लागलाय. बोलले खरे, पण धंद्याच्या काळजीनं रात्री हिशोबाची वही उघडून बसले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर सगळ्यात आधी बायको आत आली आणि तिनं आपला चष्मा पुढे ठेवला. त्यांनी हसत हसत तो यंत्राखाली धरला. उजवी काच साफ चुकीची निघाली. आठ महिने ही बाई कपाळाला बाम चोळत होती, आणि ते तिला टीव्ही कमी बघ म्हणून सुनावत होते.

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेनं करून दिला होता,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच डोकं वाईट.”