घोटी हिरवी दिसत होती

दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी नाशिकमधल्या अंबडच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नेटवर्क सांभाळलं. घोटी, इगतपुरी, विंचूर अशा आमच्या शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेत तिथले कॉम्प्युटर अंबडशी जोडणारा एक राऊटर होता. कुठल्या राऊटरची मेमरी किती भरली, हे दर पाच मिनिटांनी मोजून माझ्या स्क्रीनवर येई. अट मीच लिहिली होती: सलग तीन वेळा ऐंशी टक्क्यांच्या वर गेली तर शाखेचं नाव लाल, नाहीतर हिरवं. एकदा शिंक आली म्हणून कुणी ताप आला म्हणत नाही, म्हणून तीन वेळा. या अटीचा मला भारी अभिमान होता.

साहेबांना मात्र लाल रंगाचं वावडं होतं. खंडेनवमीला आम्ही सर्व्हरच्या कपाटाला झेंडूच्या माळा घालायचो, कीबोर्डला हळदकुंकू लावायचो. त्या वर्षी पूजेला मालक येणार होते आणि घोटी सकाळपासून लाल.

"सणासुदीला हे काय मांडलंय?" साहेब ओरडले. "मालकांसमोर सगळं हिरवं पाहिजे."

राऊटर बदला म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं, त्याचं नावही नाही. मी मुकाट्याने मर्यादा अठ्ठ्याण्णववर नेली. घोटी हिरवी झाली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पूजा झाल्यावर मर्यादा पुन्हा खाली आणू का विचारलं, तर म्हणाले, "चाललंय ना नीट? मग हात लावू नका."

कसलं डोंबलाचं नीट! तो राऊटर नव्वदच्या पुढे गेला की गोठायचा. गोठलेलं यंत्र मोजमाप पाठवत नाही, आणि मोजमापच आलं नाही तर काय करायचं, ही अट मी दीडशहाण्याने लिहिलीच नव्हती. शेवटचा हिरवा रंग तसाच राहायचा.

घोटीला बुकिंगच्या टेबलावर एक बाई होत्या, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेल्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं, आणि कायम होतील की नाही ते दिवाळीनंतर ठरणार होतं. तांदळाचे ट्रक दारात उभे आणि कॉम्प्युटर ठप्प, असं झालं की त्या मला फोन करायच्या. मी म्हणायचो, "राऊटर बंद करून परत चालू करा." त्या करायच्या, काम सुरू व्हायचं, मी फोन ठेवायचो.

दिवाळीनंतर त्यांना अंबडला बोलावलं. साहेबांनी कागद पुढे टाकला. महिन्यात अकरा वेळा राऊटर बंद केल्याची नोंद. "मशीन धडधाकट, आणि बाई दिवसभर बटन दाबत बसतात. ट्रकवाले आम्हाला शिव्या घालतात."

"सर सांगतात तवाच बंद करते मी," त्या म्हणाल्या. "मनानं हातबी नाय लावला. इचारा ना त्यांना."

साहेब माझ्याकडे वळले. "खंडेनवमीपासून घोटी एकदा तरी लाल दिसली का?"

साहेबांना सगळं माहीत होतं. मला तर होतंच.

"नाही," मी म्हणालो. अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि इतकं नीच मी आयुष्यात दुसरं काही बोललो नाही.

"मग माझे फोन कोण घेत व्हतं?" त्यांनी साहेबांना नाही, मला विचारलं. त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं.

त्या गेल्यावर मला शौर्य सुचलं. कुणाला न विचारता मर्यादा ऐंशीवर आणली, मोजमाप आलं नाही तरी लाल, ही राहिलेली अट लिहिली. घोटी लालभडक झाली. नेमके त्या दिवशी मालक ऑफिसात होते. त्यांनीच विचारलं आणि आठ दिवसांत नवा राऊटर बसला. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "वेळेवर लक्षात आणून दिलंत," म्हणाले.

मी "थँक्यू सर" म्हणालो. त्या बाईंना परत बोलवा, एवढं एक वाक्य तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.