लावणीत आलेलं कार्ड

आमची थोरली जाऊ भिकुबाई भात लावायला वाकली की तिची ओळ दोरी धरल्यासारखी यायची, आणि बोलणं त्याहून सरळ. माझी ओळ वाकडी गेली की म्हणायची, "यशोदे, हे रोप शे का माहेरची वाट? तिकडेच वळतं ते!" बायका हसून हसून चिखलात बसायच्या. मी सासरी रमले ती या अक्कामुळे.

पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, डोंगराखाली आमचं गाव. भाऊकीची चार घरं, लावणी एकत्र. आज एकाचं खाचर, उद्या दुसऱ्याचं. अक्का विधवा. तिचा एकुलता एक निंबा चाळीसगावला गिरणीत लागला होता.

छप्पन्न साल असेल. लावणीच्या दुसऱ्या दिवशी पोस्टमन बांधावर आला. कार्ड अक्काच्या नावाचं, आणि कोपरा फाटलेला. मयताची खबर असली की आमच्याकडे कोपरा फाडून कार्ड धाडत. जवळ आम्ही दोघीच होतो. अक्काला अक्षर येत नव्हतं, मी दुसरी शिकलेली. मी हात पुढे केला, तर तिने कार्ड कमरेला खोवलं.

"अक्का, वाचू द्या ना."

"नको. वाचलं का चारी घरांले, बठ्ठ्या भाऊकीले दहा दिवसांचं सुतक. मग रोपाला हात लावायचा नाही. रोप पिवळं पडलं तर चार घरं वर्षभर खातील काय?" मग हळूच म्हणाली, "अन् वाचत नाही तोवर मना निंबा जित्ता शे."

चार दिवस ती लावत राहिली. कुणाला कळू नये म्हणून बोलायचीही तशीच. आमचे चुलत सासरे पितांबर आबा म्हणाले, "भिकू, आज लई जोरात शे तू!"

"तुमचे बैल लाजले पाहिजेत ना, आबा!"

शेवटची जुडी लागली तेव्हा अक्काने हात धुतले आणि कार्ड मला दिलं. शाई पसरली होती. मी अक्षर अक्षर लावलं : निंबाला मुदतीचा ताप आहे. दवाखान्यात ठेवला आहे. आईला बोलवा म्हणतो. लवकर या.

मयताचा शब्दही नव्हता. कोपरा वाटेत, थैलीतच कुठेतरी फाटला असेल.

"म्हणजे शे ना मना निंबा?"

चिखलाच्या पायांनीच ती निघाली, आबा सोबत. एसटीने धुळे, तिथून रेल्वेने चाळीसगाव. निंबा आदल्या दिवशी सकाळी गेला होता. अग्नी गिरणीतल्या सोबत्यांनी दिला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने सांगितलं, दारात कुणीही आलं की मान वळवून बघायचा.

त्या वर्षी भात असा पिकला की ठेवायला कणग्या पुरल्या नाहीत. कार्ड दडवून तिने लावणी पुरी केली हे कळल्यावर भाऊकी अक्काला देवीमाय म्हणायला लागली. तिने तेही ऐकून घेतलं. पुढेही ती लावणीला यायची. ओळ सरळच यायची, पण आता तिचं तोंड मिटलेलं असायचं.

तीन वर्षांनी एकदा तांदूळ निवडताना म्हणाली, "यशोदे, तुला वाचता येत होतं. हिसकावून का नाही घेतलंस?"

मी म्हटलं, "तुम्हीच नको म्हणालात, अक्का."

खरं ते बोलले नाही. चार घरांत शेवटी लागायचं होतं ते खाचर आमचं होतं.