बोल्ट खिशात

वेळ संपली की मावशी रायफलचा बोल्ट काढून कोटाच्या खिशात टाकायच्या. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसती काठी. मग म्हणायच्या, "झालं. आता डोंगर त्यांचा."

"रिटायर्ड नर्स, गणपतीला मोदक करते आणि शनिवारी हरणं मारते!" एडिनबराच्या मराठी मंडळींत हे तुम्हीही ऐकलं असेल. मावशी पुढच्या गेट-टुगेदरला हरणाच्या मटणाचा डबा आणायच्या. डबा रिकामा परत जायचा.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. 'हे आपल्यातल्या बायकांचं काम नव्हे' हे वाक्य ऐकतच शिकले. म्हणून तर मावशींच्या मागे डोंगर चढायला लागले. काका गेल्यापासून मावशींचा आठवडा त्या डोंगरासाठीच उगवायचा.

सूर्यास्तानंतर तासभर, त्यापुढे हरणावर गोळी नाही. इथला कायदाच आहे तो. आमच्या शिकारीच्या ग्रुपला डोंगर ज्यांच्या ओळखीनं मिळायचा, ते लंडनजवळच्या पिनरचे साहेब एकदा पाहुणे आले. मावशींनी त्यांना आपली रायफल दिली. दिवसभर काही दिसलं नाही. तास संपला आणि समोर भलामोठा स्टॅग, शिंगांचा नर, उभा!

"ताई, एकच शॉट!"

"वेळ संपली."

"अहो, इथे कोण बघतंय?"

"मी बघतेय ना." त्यांनी रायफल काढून घेतली. बोल्ट खिशात. "जखमी होऊन पळाला तर अंधारात तुम्ही शोधणार? जन्म ऑपरेशन थिएटरमध्ये गेलाय माझा. दिवे गेल्यावर सुरी चालवत नाहीत."

दुसऱ्या दिवशी ग्रुपच्या प्रमुखांचा फोन आला. साहेबांना सॉरी म्हणा, नाहीतर ग्रुप सोडा. मावशी पोळ्या लाटत होत्या, फोन स्पीकरवर.

"सॉरी कशाबद्दल? सूर्य मावळला त्याबद्दल?"

डोंगर सुटला. मीही सोडला, विचारत बसले नाही. पुढे एका शेतकऱ्यानं त्याच्या रानात शिकारीची परवानगी दिली. गुडघे गेलेल्या मावशी तिथे दगडी कुंपणावर बसून दुर्बिणीतून माझ्या चुका काढायच्या.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. कोट माझ्याकडे आला. उजवा खिसा बोल्टच्या वजनानं ओघळलाय. मी तो नीट केलेला नाही.

परवा तास संपला आणि हरीण निवांत रोपं खात उभं. शेतकरी कुजबुजला, "मार की! माझी झाडं संपवतंय. कुणाला कळणार आहे?"

मी बोल्ट काढून खिशात टाकला. त्याच्याकडे बघत मराठीतच म्हटलं, "झालं. आता रान त्याचं."

त्याला मराठी येत नाही. कळलं मात्र.