पाय द्या की वो, अण्णा

त्या सकाळी हुबळीकडच्या बेलूरच्या कारखान्यात मापकाचा काटा वाचायला वाकलो आणि उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला. सुटे भाग मापून पास-नापास ठरवणे हेच माझे काम. डोळा गेला तर ते काम जाणार, आणि घर माझ्या एकट्याच्या पगारावर. हुबळीच्या डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याचा आतला पडदा सुटला आहे. शस्त्रक्रिया करू, दिसेल की नाही ते पट्टी काढल्यावर कळेल. ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षे. तेव्हा अशा रोग्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत आणि डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत. मान हलली तर सगळे फुकट.

हुबळीत विद्यानगरला आमच्या घरी दर गुरुवारी बायबलचा अभ्यास चाले. एकाने वचन मराठीत वाचायचे, दुसऱ्याने कन्नडमध्ये, आणि अर्थ मी सांगायचा. वर्षात सगळे बायबल व्हावे म्हणून रोजचे अध्यायही मीच ठरवले होते. अध्याय पुढे जातात तसा मीही ख्रिस्तात वाढतो, असे मी धरून चाललो होतो. मग देवाने माझा डोळाच का घ्यावा? शस्त्रक्रियेनंतर इस्पितळाच्या खाटेवर पडून मी हेच विचारत होतो. तरी वाचन चुकवायची तयारी नव्हती. बायको घरचे आवरून संध्याकाळी येई. "अहो, तुमचं बायबल म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल झालंय," असे म्हणून तिने ते उशाशी ठेवले.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदूचा एक म्हातारा होता. त्याच्या सोबतीला अळणावरकडून आलेला त्याचा मुलगा, शेतमजूर, चौथीपर्यंत मराठी शाळेत गेलेला. मी त्याला वाचायला सांगितले. तो अडखळत वाचू लागला. त्या दिवशीचा अध्याय होता प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा.

"खरंच धुतले?" त्याने विचारले.

"धुतले. पण अर्थ असा, की मनात नम्रता हवी."

"हं," म्हणून तो पुढे वाचत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पायांवर एकदम गार पाणी पडले. काळोखात पडलेल्या माणसाला तो केवढा धक्का! सगळे अंग दचकले, खांदे उचलले गेले.

"डोकं हलवू नकासा!" तो ओरडला. "मीच हाय."

"काय करतोस हे?"

"काल वाचलं न्हवं? पाय किती मळलेत तुमचे."

"अरे, नको. तू आपल्या अप्पांचं बघ. त्या वचनाचा अर्थ वेगळा आहे."

"अर्थ ऱ्हाऊ दे. पाय द्या की वो, अण्णा."

म्हातारा पलीकडून हसला. "देऊन टाका, सायेब. माझे बी आत्ताच धुतलेत. ऐकत नाही त्यो."

मला उठता येत नव्हते, पाय ओढला तर मान हलणार होती. खरखरीत हातांनी त्याने टाचा चोळल्या, बोटांमधली घाण काढली, टॉवेलने पुसले. इतकी वर्षे मी ज्याचा अर्थ सांगत आलो होतो, ते माझ्या अंगाला कधी लागलेच नव्हते. पट्टीखाली डोळे भरून आले आणि नर्स रागावली, "रडू नका, टाके ओले होतील."

पट्टी निघण्यापूर्वीच ते दोघे गावी गेले. त्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. उजव्या डोळ्याला दिसू लागले, पण सरळ रेघ आजही जरा वाकडी दिसते. मापाचे काम सुटले, कारखान्याने मला भांडारात घेतले, घर चालले. गुरुवारचा अभ्यासही चालू आहे. वाचलेले वचन प्रत्यक्ष करून झाल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही, म्हणून फार सावकाश चालतो.

त्या दुपारी पाय मागे घेता आले असते, तर मी घेतलेच असते. प्रभूने तेवढी सोय ठेवली नव्हती, याबद्दल मी त्याचे रोज आभार मानतो.