बंदुकीची उशी

उशीत नवा कापूस भरताना त्याचा कोरडा वास नाकात गेला, की संग्रामपूरकडची आमची संत्र्याची बाग आठवते. वानरं हाकलायला सासरे छऱ्यांची बंदूक घेऊन बसत. तिचा दस्ता त्यांच्या हाडकुळ्या खांद्यात रुतायचा, हात हलायचा आणि छर्रा भलतीकडंच जायचा. वानरं नुसत्या आवाजानं पळत. ‘‘सूनबाई, खांदा लय दुखून राह्यला वं,’’ असं ते म्हणाले, म्हणून मी लेकाच्या जुन्या दुपट्यात कापूस भरून दस्त्याला गच्च उशी शिवून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात हलला नाही. छर्रा एका वानरिणीच्या डोळ्यात घुसला, ती फांदीवरून खाली पडली, आणि पोटाशी बिलगलेलं पिल्लू काही केल्या तिला सोडेना. गावानं गुलाल वाहून तिला मारुतीच्या देवळामागं पुरलं. सासऱ्यांनी मुंडण केलं, घरी येऊन उशी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, ‘‘मले तं नुसतं हाकलाचं होतं.’’ मला मात्र कुणी काहीच विचारलं नाही. ती उशी आज उसवायला घेतली. इतक्या वर्षांत तिचा एक टाकाही सैल झालेला नाही.