ओरखड्यांचा जाणकार

यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे प्रतापराव घाटग्यांची पत्र्याची शेड आहे. गाड्यांवरचे ओरखडे काढून रंग सारखा करणं हा त्यांचा धंदा आणि ओरखड्यांवर बोलणं हा छंद. अभिमान छंदाचाच जास्त. इतर रंगारी ओरखडा बघून काम कधी होईल ते सांगतात; प्रतापराव आधी तो कोणी काढला ते सांगत. हा मांजराचा, हा शेजारच्या स्कूटरच्या हँडलचा, हा बाईसाहेबांनी गेटमधून वळताना काढलेला आणि साहेबांपासून लपवलेला. बऱ्याचदा ते खरं निघे, लोक हसत, चहा मागवत. अशी दाद मिळाली की माणसाची जीभ सैल होते, आणि यांची तर मुळातच सैल. पिढ्यान्पिढ्या बेंगळुरात राहिलेलं घराणं, घरात मराठी, बाहेर कानडी. बढाई मात्र दोन्हीकडे सारखीच चाले.

दसऱ्यातल्या आयुधपूजेला ठरलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या शेडवर येत. त्या धुऊन, कुंकू लावून, दोन्ही आरशांना केळीची लहान रोपं प्रतापराव स्वतः बांधून देत. वडिलांपासूनची रीत होती. यंदा त्यात यशोवर्धन नावाचा एक तरुण होता, पुण्याहून नोकरीसाठी आलेला, नवी कोरी काळी गाडी घेऊन. गाडीच्या आरशाला केळ बांधलेली त्यानं जन्मात पहिल्यांदा पाहिली आणि भरपूर फोटो काढले. आपल्या भाषेतलं गिऱ्हाईक म्हणून प्रतापरावांना त्याचं कोण कौतुक.

सणानंतर थोड्याच दिवसांत त्याचा फोन आला. प्रतापराव स्कूटर काढून त्याच्या इमारतीत गेले. गेटवर महांतेश नावाच्या वॉचमननं त्यांच्या स्कूटरचा नंबर लिहून घेतला आणि गाडी कुठे उभी आहे ते दाखवलं. पुढच्या डाव्या दारावर, आरशाच्या खालून मागपर्यंत, एक लांब ओरखडा गेला होता. काळ्या रंगावर तो खडूनं काढल्यासारखा दिसत होता.

"काका, ब्रँड न्यू गाडी आहे. कोणीतरी मुद्दाम केलंय, आय ॲम शुअर," यशोवर्धन म्हणाला. "आणि कॅमेरा या कोपऱ्यापर्यंत येत नाही."

"स्वल्प थांबा सर." प्रतापराव वाकले, तिरप्या उजेडात बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "किल्लीचं काम. पुढून मागं गेलंय. सुरुवातीला खोल, मग हलकं. आता बघा." ते दाराच्या कडेनं पुढून मागे चालत गेले. "असं चाललं की गाडी डाव्या हाताला येते. माणूस डावखुरा आहे."

यशोवर्धननं मान वळवून गेटकडे पाहिलं. पाहुण्याची गाडी आत सोडण्यावरून आठवड्यापूर्वीच त्याची महांतेशशी बाचाबाची झाली होती. आणि महांतेशनं मघाशी नंबर डाव्या हातानं लिहिला होता, हे प्रतापरावांनाही त्याच क्षणी आठवलं. 'माझी चूकही होऊ शकते' एवढं एक वाक्य तिथे पुरलं असतं. पण अंदाज असा चपखल बसल्यावर तो स्वतःच्या हातानं मोडायचा कोणी? आयुष्यभर नको तिथे बोललेला माणूस नेमका तिथे गप्प राहिला.

गाडी शेडवर सोडायला आला तेव्हा यशोवर्धन खुशीत होता. "काका, तुमचं बरोबर निघालं. वॉचमन आधी नाही-नाही करत होता. त्याच्या सिक्युरिटी एजन्सीवाल्यांनी पोलिसांत देतो म्हटल्यावर कबूल केलं. काढून टाकला त्याला."

"सरी, ठीक झालं," प्रतापराव म्हणाले. त्यांना बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी ते कामाला बसले. आरशावर रंग उडू नये म्हणून त्याला कागद गुंडाळायला घेतला आणि बोटाला काहीतरी टोचलं. आरशाच्या खालच्या खाचेत बारीक तार अडकली होती, तिला केळीचं सुकलेलं सोपट चिकटलेलं. तारेचं लांब टोक मोकळं लोंबत होतं, काळ्या रंगावर सहज न दिसणारं. त्यांनी ते धरून मागे ओढलं. ते ओरखड्यावरून नीट शेवटपर्यंत गेलं. सुरुवातीला खोल, मग हलकं. गाडी पळायला लागली की वारा हेच करत असणार. तारेला दिलेला पीळ त्यांचाच होता. त्या दिवशी गाड्यांची रांग लागली होती, आणि उरलेलं टोक कापायचं राहून गेलं होतं.

घरी बायकोला, सकवारबाईंना, त्यांनी सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "रंग कसा लावायचा ते विचारलं होतं तुम्हाला. कोणी केलं ते विचारलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी ते तार घेऊन यशोवर्धनकडे गेले. त्यानं ऐकून घेतलं. चेहरा थोडा उतरला, पण थोडाच. "शिट. पण काका, आता नवा माणूस आलाय. आणि त्यानं स्वतः कबूल केलं ना? मी काय करणार?" गेटवरच्या नव्या माणसाकडून कळलं की महांतेश सकाळीच खोली सोडून बायको-मुलीसह स्टेशनवर गेलाय, हुबळीच्या गाडीसाठी.

महांतेश प्लॅटफॉर्मवर बोचक्यांशेजारी उभा होता. बायको बोचक्यावर बसलेली, आणि दहाएक वर्षांची मुलगी, रक्षिता, दोघांपासून लांब, खांबाला टेकून. प्रतापरावांनी कानडीत सगळं सांगून टाकलं. हात जोडले. चल माझ्याबरोबर, एजन्सीला सांगतो, म्हणाले.

"काय सांगणार, अण्णा?" महांतेशच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच प्रतापरावांना सोसेना. "मी केलं म्हणून सगळ्यांसमोर बोललोय. आता नाही केलं म्हटलं तर गुन्हेगार होतो तो खोटारडाही होईन. राहू दे." तो थांबला. मग मुलीकडे बघून हळूच म्हणाला, "हिला तेवढं सांगा. हिच्यासमोर कबूल करायला लावलं मला. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

प्रतापराव तिच्यापुढे उकिडवे बसले. तुझ्या अप्पानं काही केलेलं नाही, त्या तारेनं झालं, तार मी बांधली होती. तिनं सगळं ऐकलं, मग बापाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे.

"मग अप्पानं केलं असं आधी कोणी सांगितलं?"

"मीच."

"तुम्ही बघितलं होतं?"

"नाही."

"मग आत्ताचं तरी खरं कशावरून?"

गाडी येत असल्याची घोषणा झाली. महांतेशची बायको उठून बोचकी उचलायला लागली. प्रतापरावांनी खिशातली तार काढून तिच्यापुढे धरली.