सासूबाईंची एक चांदणी

आमचं दुकान इंटरनेटवर होतं, पण सापडत नव्हतं. म्हणजे मला सापडायचं, कारण मला पत्ता पाठ होता. 'बाळंतविडा' असं शोधलं की मोठ्या शहरांतली दुकानं एकामागून एक यायची, मग कुणाच्या तरी बारशाचे फोटो, मग अंगाईचे व्हिडिओ. मी स्क्रीन सरकवून सरकवून कंटाळायचे, तरी आमच्या जानेफळच्या झबल्या-टोपड्यांचा पत्ता नाही.

मी मलमलची झबली शिवते, बंदाची टोपडी, दुपटी, राईची उशी. शिवून झालेलं प्रत्येक झबलं सासूबाई उलटं करायच्या आणि आतली शिवण स्वतःच्या गालावर घासून पाहायच्या. जरा टोचली की उसवायला लावायच्या. माझी त्यावरून किती चिडचिड व्हायची, ते शिलाई मशीनलाच ठाऊक. एवढं करून कुणी पाहुणी आली आणि 'सून छान शिवते हो' म्हणाली, की सासूबाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "शिवते बापा. पण लय हळू शिवते." लग्न होऊन आल्यापासून हे असंच. भाजी चांगली झाली की मीठ जास्त, रांगोळी चांगली झाली की रेघ वाकडी. पाहुण्यांसमोर माझ्यात खोट काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, असंच मी धरून चालले होते.

नवरा पुण्याला कंपनीत होता. आमचं दोघांचं ठरलं होतं की जूनमध्ये मुलीचं नाव पहिलीत घालायचं. तोवर दुकान स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर शाळा इथली आणि तो इकडे येऊन कामाचं पाहणार. नाही तर मी मुलीला घेऊन पुण्याला जाणार. सासूबाईंनी पुण्याला यायला साफ नकार दिला होता. "मले त्या खोक्यात कोंडू नका," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. म्हणजे आम्ही गेलो की या घरात त्या एकट्या. पण 'राहा' असा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. मला तो ऐकायचा होता, आणि तो येत नव्हता म्हणून मी आतल्या आत धुमसत होते.

कापड मी मेहकरला ज्या चाचांकडून घेते, त्यांची मुलगी घरी बसून लोकांच्या वेबसाइटींचं काम करायची. तिच्या बाळानं माझंच टोपडं घातलं होतं. एकदा कापड घ्यायला गेले असता माझं रडगाणं तिनं ऐकलं आणि तिथंच गादीवर बसून माझं दुकान तिच्या फोनवर उघडलं. ते उघडता उघडेना.

"भाभी, फोटो केवढे मोठे टाकले! चहा उकळून होते, पण तुमचं झबलं काई दिसत नाई."

मग ती नावांवर आली. मी वस्तूंना 'सेट एक', 'सेट दोन' अशी नावं दिली होती आणि मला ती फार सुटसुटीत वाटत होती.

"बाळंतिणीची माय 'सेट दोन' म्हणून शोधते काय? तुमच्या दारावर आलेल्या बाया काय विचारतात, ते लिहा."

मग मी तेच लिहीत सुटले. उन्हाळ्यातल्या बाळाला कोणतं कापड, बंद बरे की बटणं, राईची उशी डोक्याखाली कशी ठेवायची, टोपडं आधी धुऊन घ्यावं की नाही. फोटो तिनं हलके करून दिले. दोन-तीन आठवड्यांनी शोधल्यावर आम्ही कुठंतरी तळाशी दिसायला लागलो. ती मुलगी नसती तर मी आजही 'सेट दोन' घेऊन बसले असते. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मग ती म्हणाली की आता अभिप्राय पाहिजेत, ज्यांनी खरंच घेतलं त्यांचेच. दुकानाच्या नावाखाली स्टार दिसले की लोक थांबतात. मी घेतलेल्या सगळ्यांना निरोप पाठवले. त्यांत अमडापूरच्या आणि साखरखेर्ड्याच्या ओळखीच्या बायाही होत्या, आणि सासूबाईही. साखरखेर्डा त्यांचं माहेर. भाचीच्या बाळाला पाठवायचा बाळंतविडा त्यांनी हट्टानं स्वतःच्या फोनवरून मागवला होता. माहेरी द्यायची वस्तू सुनेकडून फुकट कशी न्यायची, हा त्यांचा मान.

अभिप्राय आले आणि मी डोक्याला हात लावला. शब्द सगळे गोडच होते. 'लय मऊ', 'बाळ शांत झोपते', 'पुन्हा घेऊ'. स्टार मात्र कुणाचे तीन, कुणाचे चार. पाच कुणीच दिले नव्हते. आणि एका अभिप्रायात शब्दच नाही, नुसता एक स्टार. कुणी दिला ते दिसत नव्हतं. चाचांच्या मुलीचा फोन आला, "भाभी, हे कोणं केलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या गल्लीत एक बाई दुपटी शिवते, माझा सगळा संशय तिच्यावर. जेवणाच्या वेळी मी भाकरी थापत होते आणि तिच्या नावानं बोटं मोडत होते. सासूबाई जेवत होत्या. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाल्या,

"तिले काऊन बोलून राह्यली? म्याच देली ते चांदणी."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

"तुमी? काऊन आई?"

"पाचच्या पाच देल्या तर नजर नाई लागन काय? पोराच्या गालाले तीट लावतो आपण. मंग कोणी म्हणते काय, पोरगं काळं हाय म्हणून?"

फोन करून विचारलं, तर अमडापूर-साखरखेर्ड्याच्या बायांनीही हेच केलं होतं, त्यांनी तीट जरा बारीक लावली एवढंच. आता या बायांवर रागावावं तरी कसं? तरी मी रागावलेच. आधीच आम्ही तळाशी, त्यात घरच्यांनीच पाय ओढावा! दुसऱ्या दिवशी चाचांच्या मुलीला फोन केला की ही चांदणी काढून टाकायची कशी ते सांग. सगळं ऐकून ती आधी पोटभर हसली.

"काढू नका. माझी अम्मीबी असंच करते, बाळाले काळा धागा बांधल्याशिवाय बाहेर नेऊ देत नाई. त्यायले सांगा, एक काऊन देली ते लिहा. आन् त्या तुमच्या सासू हायेत हेबी लिहा, लपवू नका."

सासूबाईंना टाइप करता येत नाही. त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि दारात आलेल्या बाईशी बोलावं तसं बोलल्या. फोननं ते उतरवून घेतलं. 'मी सासू हाये तिची. झबल्याची शिवण मी माझ्या गालावर घासून पाह्यतो, टोचली तर उसवाले लावतो. एकच चांदणी देली, नजर लागू नाई म्हणून. आपापल्या बाळाले तीट लावजा.' मी एक अक्षर बदललं नाही. खाली उत्तर म्हणून फक्त 'बरं आई' लिहिलं.

बाया तो अभिप्राय वाचायच्या, हसायच्या आणि एकमेकींना पाठवायच्या. कुठून कुठून फोन यायला लागले. एक आजी होणारी बाई कोल्हापूरहून म्हणाली, "त्या एक चांदणीवाल्या बाईंनी गालाला लावून बघितलेलंच टोपडं पायजे, दुसरं नको." आधी शेजारणीवर संशय घेतलेली मी, आता काम वाढलं म्हणून तिच्याकडेच दुपटी शिवायला देऊ लागले. दुकान हळूहळू वर सरकत गेलं. ते नेमकं कशानं, हे चाचांच्या मुलीलाही छातीठोक सांगता आलं नाही. फोटो, नावं, लिहिलेली माहिती, लोकांचं येणं, सगळ्याचंच मिळून, असं ती म्हणते. मी म्हणते, तुझं आणि सासूबाईंचं मिळून.

जूनच्या सुरुवातीला नवरा घरी आला. 'तुझ्या फोनला आपल्याच दुकानाची सवय झाली असेल,' असं म्हणून त्यानं ओसरीवर बसून स्वतःच्या फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर आम्ही. तो म्हणाला, "माय, मंग पोरीचं नाव इथंच टाकू. आमी कुठी जात नाई आता."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहा बापा. शाळा पुण्याचीच बरी व्हती. इथं काय ठेवलं हाय?"

नवऱ्याचा चेहरा पडला. "माय, तुले आमी नको काय इथं?"

मला मात्र हसू फुटलं. म्हटलं, "अहो, चेहरा काऊन पाडता? त्या तीट लावून राह्यल्या."

सासूबाई माझ्याकडे बघेनात. ताटातले निवडलेले तांदूळ त्यांनी पुन्हा न निवडलेल्या ढिगात लोटले आणि परत पहिल्यापासून निवडायला घेतले.

पुढच्या आठवड्यात साखरखेर्ड्याहून त्यांची भाची बाळाला घेऊन आली. मी आतल्या खोलीत टोपड्याचे बंद शिवत होते. बाहेर भाची म्हणत होती, "आत्या, सून मोठी गुणाची भेटली हो तुमाले."

"हाये बापा," सासूबाई म्हणाल्या. "पण लय हळू शिवते."

इतक्या वर्षांत त्या वाक्यानं मी कितीदा तरी फणफणले असेन. त्या दिवशी मला इतकं भरून आलं की सुईत दोरा ओवता येईना.